बोरूच्या शाईतलं खळं

मी मूळची पोखर्णीची, परभणीजवळच्या नरसिंहाच्या गावची. आमच्या घरी दिवसाचं पहिलं काम म्हणजे नाव लिहिणं. अंघोळ झाली की नरसिंहाचं नाव एकशे आठ वेळा लिहायचं, मगच पाण्याचा घोट. लिहायचं ते बोरूनं, आणि शाई घरची. देवापुढच्या समईची काजळी तांब्याच्या ताटलीवर धरायची, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात रोज थोडी थोडी खलायची. महिनाभर खललं की एक दौत भरते. विकतची शाई चालत नाही. का चालत नाही, हे मी आईला कधी विचारलं नाही. तिनंही तिच्या आईला विचारलं नसावं.

लग्न होऊन परभणीला आले तेव्हा दौत माझ्याबरोबर आली. पुढं औरंगाबादला राहून रक्त-लघवी तपासायचा कोर्स केला तेव्हाही ती ट्रंकेत होती. परत आल्यावर इथल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात लॅबमध्ये लागले. लॅब म्हणजे एक खोली, एक मोरी, एक कपाट आणि खिडकीजवळ ठेवलेला मायक्रोस्कोप. वीज गेली की त्याचा आरसा उन्हाकडं वळवायचा. बाकी सगळं मी एकटी. माझा आवाज लहान आहे. दवाखान्यात "काय म्हणालात बाई?" असं दोनदा विचारल्याशिवाय कुणाचं भागत नसे. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. काम कागदावर होतं, आणि कागदाला आवाज लागत नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या श्रावणात पेडगावची मनकर्णा दाखल झाली. वय बत्तीस, बालवाडी चालवायची. तीन आठवडे डोकं फुटेल असं दुखत होतं, उलट्या, बारीक ताप, मान ताठ. आमचे मोठे डॉक्टर म्हणजे डॉक्टर बन्सीधर. हुशार माणूस, तीस वर्षांचा अनुभव, हाताला गुण. त्यांनी तिच्या पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं आणि नळी माझ्याकडं पाठवली. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं : मेंदूच्या आवरणाचा टीबी?

चिठ्ठी वाचून मी मोजायला बसले. पाण्यात साखर कमी होती. पांढऱ्या पेशी मोजल्या, नव्वद भरल्या. सगळ्या लिम्फोसाइट, म्हणजे आत एकच गोल गाठ असलेल्या पांढऱ्या पेशी, असं मी लिहिलं. टीबीतही असंच असतं. टीबीचे जंतू दिसले नाहीत, पण त्या पाण्यात ते सहसा दिसतच नाहीत. खाली सही केली. त्या रिपोर्टावर तिला टीबीची इंजेक्शनं सुरू झाली, आणि मेंदूची सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या.

बारा दिवस झाले. मनकर्णा सुधारायच्या ऐवजी खचत चालली. एक डोळा तिरका झाला. नवऱ्याला ओळखेनाशी झाली.

तिची सासू कडूबाई माझ्या खोलीच्या पायरीवर येऊन बसायची. वॉर्डात फार वेळ बसू देत नसत, आणि मी कुणाला ऊठ म्हणत नाही, हे तिनं दोन दिवसांत ओळखलं होतं.

"बाई," ती त्या दिवशी म्हणाली, "माज्या सुनंचं तोंड बगा की एकदा. पुनवेच्या चंद्रावानी भरल्यालं हाय. असं तोंड असल्याली बाई मरती व्हय?"

मी नळ्या धूत होते. हात थांबला. "पहिल्यापासून असंच आहे का तोंड?"

"न्हाई वो! दोन वर्साखाली निस्ती काडी व्हती. दमा लय व्हता तिला. मंग बाजाराला एक दम्यावाला बसतो, त्याच्या पुड्या सुरू केल्या. झाडपाल्याच्या. तवापसून दमा बी गेला अन् तब्येत बी धरली. आख्ख्या गल्लीला म्या दाखवत हिंडले, बगा माजी सून कशी झालीय म्हून."

"पुड्या किती दिवस घेतल्या?"

"हितं यीपर्यंत. एक दिस खाडा न्हाई. हितं डागदर वरडतील म्हून सांगितलंच न्हाई कुणाला."

मी ओले हात पुसले आणि वॉर्डात गेले. इतके दिवस मनकर्णाचं पाणी पाहिलं होतं, तिला पाहिलं नव्हतं. तोंड गोल, गाल तकतकीत, आणि हातपाय मात्र वाळलेल्या पऱ्हाटीसारखे. दंडावर निळे डाग. मानेमागं चरबीचा उंचवटा.

असं तोंड मी औरंगाबादला कोर्स करताना पाहिलं होतं. सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइड खाल्लेली एक बाई होती. आमच्या मास्तरांनी तिच्या खाटेपाशी उभं राहून सांगितलं होतं, "हे तेज नाही. ह्या औषधानं तोंड फुगतं आणि अंगातला पहारेकरी झोपतो. मग एरवी कुणाच्या वाटेला न जाणारे जंतूही आत शिरतात. असं तोंड दिसलं की नेहमीचा आजार शोधून थांबू नका."

झाडपाल्याच्या नावाखाली त्या पुडीत काय कुटलेलं होतं, ते मला सिद्ध करता आलं नसतं. पण ते तोंड माझ्यासमोर होतं. गल्लीभर मिरवलेलं तोंड. आणि पुडीत होतं तेच औषध आम्हीही बारा दिवस तिला देत होतो. माझ्या सहीवर.

उतार पडेना म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पुन्हा पाठीतलं पाणी काढलं. नळी आली, चिठ्ठी आली. ह्यावेळी मी चिठ्ठी टेबलावर पालथी घातली.

पेशी मोजायच्या पाण्यात जांभळा रंग असतो. पांढऱ्या पेशीच्या आतली गाठ तो रंग धरते. मी एकेक पेशी धरून बघायला लागले. थोड्यांनी रंग धरला. बाकीच्या कोऱ्याच. कोऱ्या, गोल, आणि आकारानं लहानमोठ्या. पेशी इतक्या लहानमोठ्या नसतात. एकीला तर बारकी गाठ चिकटलेली, ज्वारीच्या दाण्याला कणीचा दाणा चिकटावा तशी.

पहिल्या खेपेलाही काही कोऱ्या होत्या. मला आठवलं. रंग नीट चढला नसेल म्हणून मी त्या मोजून टाकल्या होत्या, कारण चिठ्ठीवर टीबी लिहिलेलं होतं आणि टीबीत लिम्फोसाइट असतात. माझ्या त्या नव्वदात पेशी किती आणि दुसरंच काही किती, ते नरसिंहालाच ठाऊक.

कोर्सचं पुस्तक काढलं. असे कोरे, लहानमोठे, पिल्लू फुटून वाढणारे दाणे म्हणजे एक बुरशी. पारव्यांच्या विष्ठेत असते, धुळीतून श्वासात जाते, धडधाकट माणसाला काही करत नाही. पहारेकरी झोपलेला असला की मेंदूपर्यंत पोचते. टीबीच्या औषधानं हटत नाही आणि स्टेरॉइडनं फोफावते. तिच्या अंगावर चिकट द्रवाचा जाड अंगरखा असतो, पण तो पाण्यासारखा नितळ, त्यामुळं दिसत नाही. तो दाखवायची युक्ती एकच : पाण्यात काळी शाई मिसळायची. शाईतले काजळीचे कण त्या अंगरख्यात शिरू शकत नाहीत. मग काळ्या रानात प्रत्येक दाण्याभोवती पांढरं कडं उमटतं. चंद्राला खळं पडतं तसं.

मी टेबलावरच्या पेनातली शाई घातली. सगळं निळं झालं आणि काहीच दिसलं नाही. त्या शाईत कण नसतात, नुसता रंग. ड्रॉइंगची काळी शाई हवी होती. शिपायाला बाजारात पाठवलं. तो तीन दुकानं हिंडून आला. "शाळा सुरू झाल्या तवाच संपली म्हणं, बाई. नांदेडहून माल आल्यावर मिळंल. आठ दिवस तरी लागतील."

आठ दिवस मनकर्णाकडं नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत मी घरी गेले. देवघरातून दौत उचलली, बोरूही घेतला. माझी थोरली जाऊ, पार्वतीबाई, दारात तांदूळ निवडत होती.

"कुठं निघालीस गं ती घेऊन?"

मी सांगितलं.

"बाई बाई बाई! देवाच्या नावाची शाई, अन् पाठीतल्या पाण्यात घालणार? अन् तेही कुणाच्या..."

"कुणाच्या, जाऊबाई?"

तिनं सुपातला खडा शोधायला मान खाली घातली. मी चपला घातल्या. मग निघाले.

लॅबमध्ये आधी शाई तलम कापडातून दोनदा गाळली. थोडी निवळू दिली, वरची घेतली. डिंकाच्या शाईला कधी कधी स्वतःचीच बुरशी धरते, म्हणून आधी नुसती शाई काचेवर घेऊन पाहिली. स्वच्छ. मग उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळून पाहिली. स्वच्छ. बारीक काळं रान, दुसरं काही नाही. मग मनकर्णाच्या पाण्याचा थेंब घेतला, त्यात शाईचा थेंब, वर पातळ काच ठेवली, कडेनं व्हॅसलिन फिरवलं म्हणजे वाळू नये.

डोळा लावला.

काळ्याकुट्ट रानात बुरशी बसली होती. एक, दोन, सात, अकरा. प्रत्येकीभोवती रुंद पांढरं खळं, कडा चाकूनं कापल्यासारखी. एकीला पिल्लू फुटलेलं, आणि दोघींना मिळून एकच खळं. सासरी आल्यापासून अकरा वर्षं मी ज्या शाईनं देवाचं नाव लिहिलं, त्या शाईत मी पहिल्यांदा दुसरं काही वाचलं. हात जोडावेत की डोळे पुसावेत ते कळेना. दोन्ही केलं नाही, मोजत बसले. मोजून उठले.

दारात मनकर्णाचा नवरा उभा होता. चंद्रभान. पेडगावजवळच्या शाळेत गुरुजी. नामांतराच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेला, म्हणून दवाखान्यात त्याच्यामागं सगळे त्याला 'मोर्चावाले' म्हणायचे. खरं म्हणजे तो प्रश्न विचारायचा, एवढंच. कुठली गोळी, कशासाठी, किती दिवस. ते कुणाला आवडत नसे.

"बाई, काय दिसायलंय?"

"आधी डॉक्टरांना सांगावं लागतं, गुरुजी. थांबा इथंच."

डॉक्टर बन्सीधर आले. सोबत आमचे मॅनेजर माणिकरावही आले, कारण मी डॉक्टरांना बोलावणं पाठवलं असं आजवर कधी झालं नव्हतं. मी सगळं सांगितलं. पुड्या, गोल तोंड, पहिल्या रिपोर्टातली माझी चूक. डॉक्टर दोनदा म्हणाले, "मोठ्यानं बोला हो." मग वाकून त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. बराच वेळ लावला.

"हवेचे बुडबुडे आहेत," ते म्हणाले.

"बुडबुडे काच दाबली की सरकतात, डॉक्टर. एकात एक मिसळतात." मी बोरूच्या टोकानं काच हलकेच दाबली. "हे बघा. जागचे हलत नाहीत. आणि बुडबुड्याला पिल्लू फुटत नाही."

"शाई कुठली ही?"

मी दौत दाखवली. खोटं मला बोलता येत नाही, आणि ते बोलायचं कारणही नव्हतं.

माणिकराव हसले. "अहो, ही देवघरातली काजळी दिसतेय."

डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "समईची काजळी घालून बघितलं तर सगळ्यांच्याच भोवती प्रभावळ दिसणार, बाई! उद्या अंगारा लावून ताप मोजाल. तीस वर्षं टीबी पाहतोय मी. पहिला रिपोर्ट तुमचाच होता ना? तो खोटा?"

"चुकीचा होता."

"मग हाही चुकीचा कशावरून नाही?"

"शाई आधी नुसती पाहिली. साध्या पाण्यात पाहिली. दोन्ही काचा ठेवल्यात, तुम्ही बघा. दुसऱ्या कुणाच्या पाठीचं पाणी द्या, नाव न सांगता द्या, मी तेही बघते."

"फिजूल गोष्टींना वेळ नाही माझ्याकडं." त्यांनी काचेकडं बोट केलं. "बुरशी? ह्याच्यात आहे म्हणता?"

पोखर्णीच्या देवळात लहानपणी कीर्तन ऐकलेलं. हिरण्यकश्यपू खांबाकडं बोट करून विचारतो, ह्यात आहे का तुझा देव? बुवा तिथं फार रंगायचे, गदा उगारायचे, डोळे वटारायचे. पण प्रल्हादाच्या वाटणीला आले की आवाज अगदी खाली आणायचे. त्याला ओरडायची गरज नव्हती. त्यानं पाहिलेलं होतं.

"आहे," मी म्हणाले.

ह्यावेळी कुणी 'काय म्हणालात' असं विचारलं नाही.

डॉक्टरांनी टेबलावरची दौत उचलली आणि मोरीत उपडी केली. महिनाभराची शाई एका घोटात गेली. "माझ्या दवाखान्यात हे चालणार नाही. टीबीचंच औषध चालू राहील. आणि बाई, रिपोर्ट माझ्याकडं येतो. फक्त माझ्याकडं. माणिकराव, ह्यांना कायदा सांगा." ते निघून गेले.

माणिकरावांनी कायदा सांगितला. तो मला पाठ होता. ते गेल्यावर मी मोरीकडं पाहिलं. दगडावर काळा ओघळ उरला होता. दौतीच्या तळाशी बोरू बुडेल इतकी शाई अजून होती.

मी रिपोर्टाचा कागद घेतला आणि बोरूनं लिहिलं. मनकर्णा चंद्रभान, वय बत्तीस. माझा बारा दिवसांपूर्वीचा रिपोर्ट चुकीचा आहे, तो रद्द समजावा. आजच्या पाण्यात खळं असलेली, पिल्लं फुटलेली बुरशी आहे. रोगी दोन वर्षं दम्याच्या पुड्या घेत होती, त्यात स्टेरॉइड असावं असा संशय आहे. खाली नाव, तारीख, वेळ. शाई संपली तेव्हा सहीचं शेवटचं अक्षर फिकट उमटलं, पण उमटलं.

मग मी दार उघडलं आणि तो कागद चंद्रभानच्या हातात दिला. उरलेल्या पाण्याची नळी दिली, आणि व्हॅसलिननं बंद केलेली काच कापसात गुंडाळून दिली.

"औरंगाबादला मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या. आजच. आधी लॅबमध्ये हे दाखवा. त्यांच्याकडं त्यांची शाई आहे, त्यांना म्हणावं तुमच्या शाईनं बघा, माझ्यावर विश्वास ठेवू नका."

त्यानं कागद वाचला. एकदा, मग पुन्हा. "तुमची नोकरी जाईल की, बाई."

"तुमची बायको जायला लागलीय."

तो मोरीतल्या काळ्या ओघळाकडं बघून म्हणाला, "मघाशी भाईर समदं ऐकायला आलं. देवाची व्हती म्हणं शाई."

"हो."

"आमी देव मानत न्हाई, बाई. तुमाला ठाऊक हाय." त्यानं कागदाची घडी घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. "पर शाई मानतो."

तासाभरात पेडगावची जीपगाडी आली. आपल्या जबाबदारीवर नेतो असं लिहून देऊन त्यानं मनकर्णाला उचलून आत ठेवलं. कडूबाई मागं बसली, सुनेचं ते गोल तोंड मांडीवर घेऊन. डॉक्टर बन्सीधर खिडकीतून पाहत होते. मीही माझ्या खिडकीतून पाहत होते. जीप वळली तेव्हा कडूबाईनं हात वर केला. नमस्कार होता की धीर दिला, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही उघडली. वरच्या कोपऱ्यात तारीख पेन्सिलीनं घातली. दौत कोरडी होती.

"पेनानं लिही आजच्यापुरतं," पार्वतीबाई म्हणाली. तिलाही वाईट वाटत होतं, पण ते ती तसं दाखवणार नव्हती. "नाहीतर देवापुढं नाक घास. अकरा वर्षांचा नेम मोडला गं तुझा."

"मोडला नाही, जाऊबाई. काल लिहून झालाय."

मी पान कोरं ठेवलं, पाणी प्यायले आणि कामावर गेले.

माणिकराव कोरा कागद घेऊन वाटच पाहत होते. निजामाच्या काळातल्या कचेरीत त्यांचे वडील कारकून होते, त्यामुळं माणिकरावांना कागदाशिवाय करमत नसे. "माफीनामा लिहून द्या, बाई. दस्तखत करा. डॉक्टर साहेब म्हणतात, झालं गेलं विसरतो. दवाखान्याचा कायदा मोडला, खोटा रिपोर्ट परस्पर दिला, पुन्हा होणार नाही, एवढं लिहा. चार ओळींचं काम आहे."

मनकर्णा औरंगाबादला पोचली की नाही, तेही मला तेव्हा माहीत नव्हतं. वाटेत दगावली असती तर तिला हलवायला लावणारी मीच ठरले असते. तरी लिहिलं, आणि कागद त्यांच्यापुढं सरकवला.

ते मोठ्यानं वाचायला लागले. "सौभाग्यवती मनकर्णाबाई यांस... मी तुमच्या पाठीतलं पाणी पहिल्यांदा नीट पाहिलं नाही. चिठ्ठीवर जे होतं तेच पाहिलं. त्याबद्दल मी तुमची माफी मागते. दुसऱ्या रिपोर्टाबद्दल मागत नाही..." ते थांबले. चष्मा काढला. "हा माफीनामा आहे?"

"हो. जिच्याबाबत चूक केली तिला लिहिलाय."

"बाई, तुम्ही गरीब दिसता, पण भलत्याच हट्टी निघालात हो!"

"पोखर्णीची आहे मी," मी म्हणाले. त्यांना हसू आलं, पण हुकूम हुकूमच. पुढचं कळेपर्यंत घरी बसा.

मी घरी बसले. काजळी धरली. डिंक भिजत घातला; दौत भरेपर्यंत रोज नावांपुरती शाई खलून भागवली. खलताना दर दिवशी वाटायचं, आज कुणीतरी येऊन सांगेल, गेली ती. एकदा तर मी दौत बाजूला सारून उठलेच. खरंच बुडबुडे असले तर? मग पुन्हा बसले. बुडबुड्याला पिल्लू फुटत नाही. हे वाक्य त्या दिवसांत मी नावासारखं जपलं.

नवव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. चंद्रभानचं गुरुजी अक्षर, एकाखाली एक सरळ ओळी. त्या लॅबमधल्यांनी आपल्या शाईनं पाहिलं. बुरशीच आहे. सलाइनमधून औषध सुरू आहे. ते चढताना हुडहुडी भरते, दात वाजतात, पण रोज देतात. काल मनकर्णा उठून बसली. मला ओळखलं. आईला म्हणाली, तू हितं काय करायलीस, घरी म्हशीला कोण बघतंय? तुमचा कागद इथल्या डॉक्टरांनी ठेवून घेतला आहे. कशानं लिहिला म्हणून विचारत होते, मी सांगितलं.

पोस्टकार्ड घेऊन मी दवाखान्यात गेले आणि ते डॉक्टर बन्सीधरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं. पालथं घातलं. पत्ता वाचला. पुन्हा सुलटं केलं.

"लॅब दहा दिवस बंद आहे," शेवटी ते म्हणाले. "कामं साठलीत."

एवढंच. माफी त्यांनी मागितली नाही, मीही मागितली नाही. मी एप्रन घातला. महिन्याभरानं लॅबच्या कपाटात ड्रॉइंगच्या काळ्या शाईची नवी बाटली दिसली. कुणी आणली ते कुणी बोललं नाही. मी ती वापरते. डोक्याचा आजार आणि गोल तोंड एकत्र आलं की चिठ्ठीवर काहीही असो, शाईचा थेंब घालते. विचारत नाही कुणाला.

दिवाळी झाल्यावर एका सोमवारी दुपारी लॅबच्या दारात एक काटकुळी बाई उभी राहिली. गाल बसलेले, हनुवटी टोकदार, डाव्या डोळ्यानं कमी दिसत असावं, कारण मान तिरकी करून बघत होती. मी ओळखलं नाही. मागून कडूबाई आली तेव्हा ओळखलं.

"बगा आता," कडूबाई म्हणाली. "तोंड पार उतरलं. गल्लीत बाया इचारायल्यात, सुनंला खायला घालीत न्हाईस का म्हून. म्या म्हणते, गप बसा गं भवान्यांनो, ते तोंड खोटं व्हतं, हे खरं हाय."

मनकर्णानं पदराची गाठ सोडली आणि माझ्या टेबलावर सात-आठ पुड्या टाकल्या. जुन्या वर्तमानपत्राच्या, नीट घड्या घातलेल्या.

"घरात उरल्या व्हत्या," ती म्हणाली. "ह्यात काय हाय ते बगा तुमच्या काचंत, अन् लिहून द्या."

"हे माझ्या काचेत दिसत नाही गं. त्याला दुसरी तपासणी लागते. ती इथं होत नाही."

"मंग काय दिसलं ते लिवा. माज्या पाठीच्या पाण्यात काय व्हतं, कशानं झालं म्हणून तुमाला वाटलं, ते. मला औरंगाबादला एकदम बंद न्हाई केलं ते पुडीतलं औसद, मोजून मोजून उतरवलं, मंग डागदरांनी सांगितलं, पहारेकरी उठलाय आता. ते बी लिवा." ती थांबली, दम घेतला. दमा परत आला होता; खोट्या तोंडानं दडवून ठेवलेलं खरं दुखणं. "उंद्या बाजार हाय. तो मुडदा तितंच बसतो, पोत्यावर. पंधरा बाया पुड्या नेत्यात एकट्या आमच्या गल्लीतल्या. समद्यांची तोंडं गोल व्हायलीत."

"माणिकराव म्हणतील, रिपोर्ट फक्त डॉक्टरांकडं जातो."

"जाऊ द्या की त्यांच्याकडं बी. दोन लिवा."

मी हसले. तीही हसली, आणि त्या बसलेल्या गालांत अशी एक खळी पडली की कडूबाई बघतच राहिली.

घरची नवी दौत पिशवीत होती. नेमाची वहीही होती, कारण त्या दिवशी घाईत ती बरोबरच आली होती. कागद शोधताना ती उघडली आणि नेमकं ते भाद्रपदातलं कोरं पान वर आलं. वर पेन्सिलीची तारीख, खाली काही नाही. पार्वतीबाई अजून म्हणते, दुप्पट नावं लिहून ते भरून काढ, देव रागावेल. मी भरलेलं नाही. भरणारही नाही. त्या दिवशीचं लिहिणं कुठं आहे ते त्याला माहीत आहे.

वही मिटली आणि कागद ओढला. "बाजारात हे वाचणार कोण?" मी विचारलं. "एवढ्या गर्दीत ऐकू गेलं पाहिजे."

"तुमचा आवाज बारका हाय, बाई," मनकर्णा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. "तुमी लिवा. वरडते मी."

मी बोरू बुडवला.